बंदी माणसाची कीं रोगाची?

साथीचा रोग आला असतां राज्यकर्त्यांनीं काय करावें आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं कसें वागावें, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाहीं. १८९६ सालीं मुंबईस प्लेग उद्भवला आणि थोड्याच महिन्यांत तो पुण्यास पोंचला. १८९७ च्या आरंभीं सरकारनें साथीच्या रोगांचा कायदा केला, व त्या कायद्याच्या बळावर गोऱ्या शिपायांच्या तुकड्या पुण्याच्या घराघरांत शिरून रोगी हुडकूं लागल्या. रोगी सांपडला कीं त्याची रवानगी रुग्णालयांत, आणि घरच्या माणसांची रवानगी छावणींत. त्या जांचाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडसाहेबावर झाडलेल्या गोळींत झाला, हें आपणां सर्वांस ठाऊकच आहे. परंतु त्या कथेला जोडून सांगावयाची एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. पुढच्याच वर्षीं, १८९८ सालीं, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें हिंदुस्थानांतच प्रयोग करून दाखवून दिलें कीं, हा प्लेग पसरतो तो उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळें. म्हणजे शिपाई माणसांना धरून नेत होते, आणि रोग मात्र त्यांच्याच पायांखालून, भिंतींतल्या बिळांबिळांतून, निर्वेध हिंडत होता.

त्याच पुण्यांत, त्याच १८९७ सालीं, दुसरेंही एक वर्तन घडत होतें. सावित्रीबाई फुले या आपले चिरंजीव डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यांत प्लेगचे रोगी आणून त्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्या सेवेंतच त्यांना प्लेग झाला, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या निवर्तल्या. रोग्याला दूर लोटणें हा एक मार्ग, आणि रोग्याला औषधापाशीं नेणें हा दुसरा. आजच्या भाषणांत या दोन मार्गांचाच इतिहास मी सांगणार आहें. मात्र प्लेगचा नव्हे, तर आपल्या हयातींत आलेल्या एच्. आय्. व्ही. या विषाणूच्या संसर्गाचा. मी कांहीं वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, शाळेंत इतिहास शिकवून निवृत्त झालेला एक मास्तर आहें. परंतु या रोगाच्या इतिहासांत प्रत्येक गृहस्थानें जाणून घ्यावें असें पुष्कळ आहे, आणि तें वैद्यकाची पदवी नसतांही समजण्यासारखें आहे.

५ जून १९८१ या दिवशीं अमेरिकेंतील रोगनियंत्रण खात्याच्या साप्ताहिक पत्रिकेंत एक लहानसें टिपण छापून आलें. लॉस एंजेलिस शहरांतील पांच तरुण पुरुषांना एका विरळ्या जातीचा न्यूमोनिया झाला होता. धडधाकट माणसाला हा न्यूमोनिया होत नाहीं. ज्याची प्रतिकारशक्ति पार ढांसळली आहे त्यालाच तो गांठतो. पांचांपैकीं दोघे तर टिपण छापून येण्यापूर्वींच वारले होते. हे पांचही पुरुष समलिंगी होते, आणि तेवढ्या एका गोष्टीवरून पुष्कळांनीं असा निष्कर्ष काढला कीं, हा रोग म्हणजे कांहीं विशिष्ट लोकांच्या आचरणाचें फळ आहे, आपल्याला त्याचें भय नाहीं. लवकरच तोच रोग रक्त घेतलेल्या रोग्यांत दिसला, रक्त न गोठण्याची उपजत व्याधि असलेल्या मुलांत दिसला, स्त्रियांत व नवजात अर्भकांत दिसला. १९८२ सालीं त्याला एड्स हें नांव मिळालें. पण पहिल्या निष्कर्षाचा डाग कांहीं पुसला गेला नाहीं. अमेरिकेंतील इंडियाना राज्यांत रायन व्हाइट नांवाचा एक शाळकरी मुलगा होता. रक्त न गोठण्याच्या व्याधीवरील औषधांतून त्याला हा विषाणु लागला. १९८५ सालीं त्याला शाळेनें दारांतून परत पाठविलें. त्याच्या आईला मुलाच्या शाळेसाठीं न्यायालयांत जावें लागलें. १९९० च्या एप्रिलमध्यें, अठराव्या वर्षीं, तो मुलगा वारला. जन्मभर वर्ग शिकविलेल्या माणसाला त्या रिकाम्या बांकाविषयीं वाचतांना फार वाईट वाटतें.

रोगाचें कारण मात्र लवकर सांपडलें. १९८३ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत फ्रांस्वाझ बारे-सिनूसी व ल्यूक माँताञे यांनीं एका रोग्याच्या गांठींतून नवा विषाणु वेगळा काढला. या शोधाबद्दल दोघांना २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९८५ सालीं रक्ताची परीक्षा निघाली, आणि १९८६ सालीं विषाणूचें एच्. आय्. व्ही. हें नांव ठरलें. त्याचें मूळ कोठें, याचाही माग शास्त्रज्ञांनीं काढला आहे. आफ्रिकेंतील कॅमेरून देशाच्या आग्नेय अरण्यांतील चिंपांझी वानरांत याचा पूर्वज राहतो. विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास तो शिकाऱ्यांच्या जखमांतून मनुष्याच्या रक्तांत उतरला असावा. आजच्या किन्शासा शहरांत १९५९ सालीं घेतलेल्या एका रक्ताच्या नमुन्यांत तो सांपडलेला आहे. याचा अर्थ असा कीं, अमेरिकेंत गाजावाजा होण्यापूर्वीं कित्येक वर्षें तो कोणाच्याही नकळत माणसांत वावरत होता.

आतां हा विषाणु शरीरांत काय करतो तें पाहूं. गडावर शत्रु चालून आला कीं प्रथम नगारा वाजतो, आणि तो ऐकून बुरुजाबुरुजावरची शिबंदी जागी होते. आपल्या रक्तांत कांहीं पांढऱ्या पेशी या नगारा वाजविण्याच्या कामावर असतात. त्यांना सी. डी. ४ पेशी म्हणतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्यें त्या सामान्यतः ५०० ते १५०० असतात. एच्. आय्. व्ही. चा डाव असा कीं, तो शिबंदीशीं लढत बसत नाहीं. तो नगारा वाजविणाऱ्यालाच मारतो. मग क्षयाचा जंतु आला, बुरशी आली, कीं शरीर बेसावधपणें बळी पडतें. या पेशी २०० च्या खालीं गेल्या म्हणजे त्या अवस्थेला एड्स म्हणतात. संसर्ग आणि एड्स या दोन गोष्टी एक नव्हेत, हें यावरून ध्यानांत येईल.

त्याची दुसरी खोडी अधिकच धूर्त आहे. पेशींतील कारभार असा चालतो कीं, मूळ दप्तरावरून नक्कल करावयाची व त्या नकलेवरून काम करावयाचें. हा विषाणु स्वतःची नक्कल बरोबर घेऊन येतो, तिच्यावरून उलट मूळ लेखासारखा लेख तयार करतो, आणि तो खोटा कागद पेशीच्या दप्तरांत घुसडून देतो. अशी उलट नक्कल करणारें द्रव्य कांहीं विषाणूंत असतें हें टेमिन व बाल्टिमोर यांनीं १९७० सालींच दाखविलें होतें. एकदां खोटा कागद दप्तरांत बसला कीं पेशी तो आपलाच समजून जन्मभर त्याच्या प्रती काढीत राहते. म्हणूनच आजचीं उत्तम औषधें विषाणूला निपचित पाडतात, परंतु दप्तरांतून तो कागद समूळ काढून टाकण्याची विद्या सर्वसामान्य रोग्यासाठीं अद्याप हातीं आलेली नाहीं.

संसर्गानंतर कांहीं आठवड्यांत थोडा ताप येतो, किंवा तोही येत नाहीं. त्यानंतर औषध घेतलें नाहीं तरी साधारणतः आठदहा वर्षें माणूस चांगला हिंडताफिरता असतो. कामावर जातो, लग्नकार्यांत पंक्तीला बसतो. रोग दिसत नाहीं, पण दुसऱ्याला लागूं शकतो. त्याचे मार्ग मोजके आहेत: निरोध न वापरतां झालेला शरीरसंबंध, बाधित रक्त, एकाची सुई दुसऱ्यानें वापरणें, आणि आईकडून बाळाला गर्भांत, प्रसूतीच्या वेळीं किंवा दुधावाटे होणारा संसर्ग. हात हातांत घेतल्यानें, एका ताटांत जेवल्यानें, एका शौचकूपाचा वापर केल्यानें, खोकल्यानें किंवा डांस चावल्यानें तो लागत नाहीं. हें सारें १९८५-८६ च्या सुमारासच बहुतेक स्पष्ट झालेलें होतें. पुढील प्रसंग ऐकतांना ही तारीख आपण ध्यानांत ठेवावी.

आपल्या देशांत हा विषाणु प्रथम उघडकीस आला तो १९८६ सालीं, तेव्हांच्या मद्रासेंत. तेथील वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. सुनीति सॉलोमन या सूक्ष्मजंतुशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. त्या माहेरच्या गायतोंडे. मद्रासेंत स्थायिक झालेल्या एका मराठी व्यापारी घराण्यांतील. हा रोग आपल्याकडे असणें शक्यच नाहीं, अशी त्या वेळीं सर्वत्र समजूत होती. सॉलोमनबाईंनीं आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिला शोध घेण्यास सांगितलें. निर्मलाबाईंनीं कांहीं महिन्यांत ऐंशीहून अधिक नमुने जमविले. त्यांतले पुष्कळसे देहविक्रयाच्या आरोपावरून सरकारी सुधारगृहांत ठेवलेल्या स्त्रियांचे होते. नमुने त्यांनीं आपल्या घरच्या शीतकपाटांत ठेवले, आणि पतीसह रात्रीच्या गाडीनें वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयांत नेले. तेथें सहा नमुन्यांत विषाणूची खूण दिसली. पुढें अमेरिकेंतील परीक्षेनेंही तिला दुजोरा मिळाला. सॉलोमनबाईंनीं नंतर १९९३ सालीं आपल्या वडिलांच्या नांवानें रुग्णसेवेची संस्था काढली, आणि २०१५ सालीं मृत्यु येईपर्यंत त्या याच कामांत राहिल्या. पण या शोधाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्यांच्या रक्तामुळें देश जागा झाला त्या स्त्रियांना, परीक्षा कशाची चालली आहे, हें सांगण्यांत आलेलें नव्हतें. भिंतींच्या आंत असलेल्या माणसाची संमति कोणी विचारीत नाहीं, असा तो काळ होता.

तो काळ किती निष्ठुर होऊं शकतो हें तीन वर्षांनीं गोव्यांत दिसलें. बारदेस तालुक्यांतील डॉमिनिक डिसोझा हा तरुण नेमानें रक्तदान करीत असे. १९८९ च्या फेब्रुवारींत त्याच्या रक्तांत एच्. आय्. व्ही. असल्याचें आढळलें. त्याला तें कोणी समजावून सांगितलें नाहीं. पोलिसांनीं त्याला बोलावून घेतलें, ताब्यांत घेतलें, आणि क्षयरोग्यांसाठीं पूर्वीं वापरांत असलेल्या एका जुन्या इमारतींत पहाऱ्यांत ठेवलें. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यांत नुकतीच तशी तरतूद करण्यांत आली होती. त्याचा अपराध कोणता, तर त्यानें रक्त दिलें. चौसष्ट दिवस तो एकटा कोंडलेला होता. त्याची आई ल्यूसी डिसोझा हिनें मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढें धांव घेतली, तेव्हां त्याची सुटका झाली. तथापि त्या खटल्याच्या अखेरच्या निकालांत न्यायालयानें कोंडून ठेवण्याचा सरकारचा अधिकार लोकहिताच्या दृष्टीनें वैधच ठरविला. सुटून आलेल्या डॉमिनिकची नोकरी गेली होती. त्यानें आपलें नांव लपविलें नाहीं. तो उघडपणें बोलूं लागला, रोग्यांसाठीं त्यानें गोव्यांत संस्था उभी केली, आणि १९९२ च्या मे महिन्यांत तो वारला.

श्रोतेहो, गोव्याच्या त्या अधिकाऱ्यांना दुष्ट म्हणून मोकळें होणें सोपें आहे. त्यांना वाटत होतें कीं आपण लोकांचें रक्षण करीत आहों. पुण्याच्या प्लेग कमिटीलाही तसेंच वाटत होतें. तेव्हां प्रश्न त्यांच्या हेतूचा नसून हिशेबाचा आहे. ज्या रोगांत माणूस वर्षानुवर्षें निरोगी दिसतो, त्यांत एका माणसाला कोंडलें तर तपासणी न झालेले शेंकडों बाहेरच राहतात. ज्याला कोंडलें तो स्पर्शानें कोणाला रोग देणार नव्हताच. आणि सर्वांत वाईट परिणाम हा कीं, तपासणीनंतर पहारा बसतो हें कळल्यावर कोणता शहाणा माणूस आपण होऊन रक्त तपासावयास जाईल? कुलुपानें रोग आंत राहत नाहीं; रोगाची माहिती मात्र आंत राहते. डॉमिनिकच्या खोलीबाहेर पहारेकरी उभे होते त्याच काळांत देशांतील कित्येक रुग्णालयांतून पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांचें रक्त रोग्यांना चढविलें जात होतें. दान मिळालेलें रक्त एच्. आय्. व्ही. साठीं तपासलेंच पाहिजे असा नियम १९८९ सालीं झाला खरा, पण रक्ताचा विक्रय थांबावयास सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल यावा लागला, आणि १ जानेवारी १९९८ पासून तो बंद झाला. खरें दार तें होतें. तें लागावयास नऊ वर्षें लागलीं.

दुसऱ्या मार्गाचें काम मात्र गाजावाजा न होतां चाललें होतें. १९९२ सालीं कलकत्त्याच्या सोनागाछी वस्तींत डॉ. स्मरजित जाना यांनीं एक उपक्रम आरंभिला, आणि त्याच सुमारास सांगलींत मीना सेषु यांच्या ‘संग्राम’ या संस्थेचें काम सुरू झालें. दोन्ही ठिकाणची युक्ति एकच होती. वस्तींतील स्त्रियांना उपदेश करावयास बाहेरचा पंडित पाठवावयाचा नाहीं. त्यांच्यांतल्याच स्त्रियांनीं निरोध वांटावयाचे, दवाखान्याची वाट दाखवावयाची, आणि निरोध नाकारणाऱ्या गिऱ्हाइकाला सर्वांनीं मिळून नकार द्यावयाचा. एकटीनें नकार दिला तर गिऱ्हाईक शेजारच्या दारीं जातें. सर्वांनीं दिला तर त्याला मुकाट्यानें ऐकावें लागतें. सांगलीच्या स्त्रियांनीं तर १९९६ सालीं आपली स्वतःची परिषद स्थापन केली. ज्यांना सारा गांव रोगाचें आगर समजत होता, त्यांनींच रोगाला बांध घातला. सज्जनांच्या वस्तींत राहणाऱ्या आपणां लोकांनीं ही गोष्ट मुद्दाम स्मरणांत ठेवावी. कारण सोनागाछीहून परतणारा पुरुष अखेर आपल्याच कोणाच्या तरी घरीं परततो, आणि या देशांतील असंख्य स्त्रियांना हा विषाणु लागला तो त्यांच्या विवाहित पतीकडून.

आतां औषधांकडे वळूं. पहिलें औषध १९८७ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. त्याला ए. झेड्. टी. म्हणत. एकटें औषध दिलें कीं विषाणु थोडे दिवस दबे, पण नकला करतांना तो इतक्या चुका करतो कीं त्यांतलीच एखादी चूक त्याच्या पथ्यावर पडे आणि औषध निकामी होई. तरी त्या एका औषधानेंही १९९४ सालीं एक मोठी आशा दाखविली: गरोदर बाधित मातेला व बाळाला तें दिलें असतां बाळाला होणारा संसर्ग दोन तृतीयांशांनीं कमी झाला. पुढें तीन वेगवेगळीं औषधें एकाच वेळीं देण्याची रीति निघाली. तिन्हींना चुकविणारी चूक विषाणूच्या हातून एकदम होणें जवळजवळ अशक्य. १९९६ सालीं कॅनडांतील व्हँकूव्हरच्या परिषदेंत या उपचाराचे परिणाम जगापुढें मांडण्यांत आले. अंथरुणाला खिळलेलीं माणसें उठून कामावर जाऊं लागलीं होतीं.

परंतु हीं औषधें घेणार कोण? एका माणसाच्या वर्षाच्या औषधाची किंमत दहा ते पंधरा हजार डॉलर होती. रोगी बहुतेक आफ्रिकेंत व आशियांत, आणि औषध युरोपांत व अमेरिकेंत, अशी ती विपरीत स्थिति होती. हा पेंच सुटण्यांत मुंबईचा मोठा हात आहे. आपल्या देशाच्या १९७० च्या पेटंट कायद्यानें औषध या वस्तूवर मक्तेदारी मिळत नसे. ती मिळे केवळ तें तयार करण्याच्या कृतीवर. म्हणजे तेंच औषध निराळ्या कृतीनें करावयास येथील कारखाने मोकळे होते. ख्वाजा अब्दुल हमीद यांनीं १९३५ सालीं मुंबईस स्थापन केलेल्या ‘सिप्ला’ या कंपनीनें तिन्हीं औषधें तयार केलीं, आणि २००१ च्या फेब्रुवारींत त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद यांनीं तीं वर्षाला ३५० डॉलरांत, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी किंमतींत, देण्याची तयारी जाहीर केली. पुढें इतर भारतीय कारखानेही या कामांत उतरले व किंमत आणखी खालीं आली. आफ्रिकेंतील लक्षावधि लोक भारतांत तयार झालेल्या गोळ्यांवर जगले आहेत. आपल्या सरकारनें १ एप्रिल २००४ पासून हें औषध फुकट देण्यास आरंभ केला, आणि ज्या राज्यांत प्रथम आरंभ झाला त्यांत महाराष्ट्र होता.

इतिहासाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची घटना मात्र त्यानंतरची आहे. नऊ देशांतील १७६३ जोडप्यांचा एक मोठा प्रयोग झाला. प्रत्येक जोडप्यांत एकाला विषाणु होता व दुसऱ्याला नव्हता. आपल्याकडे पुणें व चेन्नई येथील जोडपीं या प्रयोगांत होतीं. कांहीं रोग्यांना लगेच औषध दिलें, कांहींना सी. डी. ४ पेशी कमी झाल्यावर. २०११ च्या मे महिन्यांत निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जोडीदाराकडूनच संसर्ग झाला असें सिद्ध झालेले २८ प्रसंग घडले होते; त्यांपैकीं २७ उशिरा औषध मिळालेल्या गटांत, आणि लगेच औषध मिळालेल्या गटांत केवळ एक. पुढील अभ्यासांनीं तर असें दाखविलें कीं, नियमित औषधानें ज्याच्या रक्तांत विषाणु परीक्षेंतही सांपडेनासा होतो, त्याच्याकडून शरीरसंबंधावाटे जोडीदाराला संसर्ग होतच नाहीं. अशा मातेचें बाळही बहुधा निरोगीच जन्मतें.

या निष्कर्षाचा अर्थ किती मोठा आहे पाहा. गोव्यांत ज्याला समाजाच्या रक्षणासाठीं कोंडलें, त्याला औषध देणें हेंच समाजाचें रक्षण होतें. तें औषध १९८९ सालीं उपलब्ध नव्हतें, हें खरें. पण मार्ग कोणता, हें तेव्हांही कळण्यासारखें होतें. औषध घेण्यासाठीं माणसानें आपण होऊन तपासणीला आलें पाहिजे, नेमानें यावें लागतें, आणि वर्षानुवर्षें येत राहावें लागतें. हें सक्तीनें साधत नाहीं, विश्वासानेंच साधतें.

न्यायाची दृष्टिही हळूहळू पालटली. १९९७ सालीं मुंबई उच्च न्यायालयापुढें एका मजुराचा खटला आला. काम करण्यास तो समर्थ होता, पण रक्तांत विषाणु आढळला म्हणून त्याला कामावरून काढलें होतें. न्यायालयानें सांगितलें कीं, काम करूं शकणाऱ्या माणसाला केवळ एच्. आय्. व्ही. असल्याच्या कारणावरून काढतां येणार नाहीं. आणि त्याचें नांव गुप्त राहावें म्हणून निकालपत्रांत त्याचा उल्लेख दोन अक्षरांनींच केला. आठ वर्षांपूर्वीं याच उच्च न्यायालयानें काय ठरविलें होतें तें आठवा, म्हणजे या निकालाचें मोल कळेल. २०१७ सालीं संसदेनें स्वतंत्र कायदा केला, आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत आला. संमतीवांचून परीक्षा करूं नये, निकाल गुप्त ठेवावा, नोकरींत, शाळेंत, रुग्णालयांत व भाड्याच्या घरांत भेदभाव करूं नये, असें त्यानें बजावलें आहे. मद्रासच्या त्या स्त्रियांना जें मिळालें नव्हतें, तें आतां कायद्यांत लिहिलेलें आहे.

तथापि कायदा कागदावर असतो, आणि घर भिंतींचें असतें. २०२३ च्या सरकारी अंदाजाप्रमाणें देशांत सुमारें पंचवीस लक्ष माणसें हा विषाणु घेऊन जगत आहेत, आणि त्यांची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रांत आहे. आरंभापासून आजवर जगांत या रोगानें चार कोटींहून अधिक बळी घेतले आहेत. आज औषध आहे, तें फुकट आहे, आणि बहुधा दिवसाला एक गोळी पुरते. क्षय हा या रोग्यांचा मोठा वैरी आहे, पण वेळीं ओळखला तर तोही बरा होतो. बाधित सुई टोंचली किंवा तसाच अन्य प्रसंग घडला तर ७२ तासांच्या आंत औषध सुरू करून २८ दिवस घेतल्यास संसर्ग बहुधा टळतो. मात्र जितक्या लवकर आरंभ करावा तितकें बरें. संसर्ग होऊंच नये म्हणून आधींपासून घेण्याचीं औषधेंही निघालीं आहेत. सहा महिन्यांतून एकदां टोंचून घ्यावयाचें असें एक औषध अमेरिकेंत २०२५ सालीं मान्य झालें. इतकें सारें असूनही माणसें उशिरा येतात, मधेंच औषध सोडतात, गोळ्यांच्या डब्या धान्याच्या पिंपांत लपवितात. कशासाठीं? घरमालकाच्या, मालकिणीच्या, सासरच्या, आणि शाळेच्या भीतीनें. औषध नसल्यामुळें पूर्वीं माणूस मरत असे. आज औषध असतांना माणूस मेला, तर त्याच्या मरणांत या भीतीचा वांटा पुष्कळदां असतो. आणि ती भीति निर्माण करणारीं माणसें तुमच्याआमच्यासारखींच असतात.

म्हणून सुशिक्षित कुटुंबांना माझें सांगणें थोडकें आहे. आपल्या वयांत आलेल्या मुलामुलींना हे संसर्गाचे मार्ग स्पष्ट शब्दांत सांगा. लाजेनें न सांगितलेलें ज्ञान तीं कोठून तरी चुकीचें मिळवितात. लग्न ठरवितांना पत्रिकेबरोबर दोघांनीं स्वखुशीनें रक्त तपासावें, आणि निकाल कांहींही आला तरी तो चव्हाट्यावर नेऊं नये. सरकारी रुग्णालयांत ही परीक्षा फुकट होते, आणि १०९७ या क्रमांकावर दूरध्वनि केला असतां पैसे न पडतां माहिती मिळते. स्वयंपाकाला येणाऱ्या बाईला, चाळींतल्या बिऱ्हाडकरूला किंवा मुलाच्या वर्गांतल्या सोबत्याला हा विषाणु आहे असें कानीं आलें, तर तिला कामावर ठेवा, त्याचें बिऱ्हाड हालवूं नका, आणि आपल्या मुलाला त्याच बांकावर त्याच्या शेजारीं बसूं द्या. त्यांत धोका नाहीं, हें आतां चाळीस वर्षांच्या अनुभवानें सिद्ध झालें आहे. कानीं आलें तें पुढें कोणाच्या कानीं घालूं नका, आणि संधि मिळाली तर एवढेंच विचारा कीं, या महिन्याच्या गोळ्या आणल्या ना?